खानदेशातली कादंबरी लिहिण्याआधी: पार्श्वभूमीचा अभ्यास कसा करावा

कादंबरीसाठी अभ्यास करायचा म्हटलं की नवा लेखक "खानदेशाचा इतिहास" हा विषय घेऊन ग्रंथालयात जातो आणि फारुकी सुलतानांपासून वाचायला सुरुवात करतो. काही महिन्यांनी थाळनेर, बुऱ्हाणपूर, अकबराने १६०१ साली घेतलेला असीरगड हे सगळं वहीत उतरलेलं असतं. पण आपल्या गोष्टीतली बाई सकाळी पाणी कुठून आणते, तिच्या घरावर कौलं आहेत की धाबं (मातीचं सपाट छत), नवऱ्याची मजुरी रोज मिळते की सालाने, यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून अभ्यास विषयापासून नको, प्रसंगापासून सुरू करावा. कुठला कागद उघडायचा आणि कुठल्या माणसाला भेटायचं, हे तो प्रसंगच सांगतो.

या लेखात एकच नमुना शेवटपर्यंत धरू. साल १९४२. गाव नंदुरबारपासून दोन कोसांवर. घर सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं. गोष्ट आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होते आणि पोळ्याला संपते. मधे नंदुरबारचा ९ सप्टेंबरचा मोर्चा येतो, ज्यात शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार गोळीबारात गेले. तुमची कादंबरी वेगळी असेल, पण पायऱ्या याच राहतील.

पायरी १: कुंपण घाला

एका कागदावर चार गोष्टी लिहा: कुठून कुठपर्यंतची वर्षं, कोणतं गाव किंवा कोणता टापू, मुख्य पात्रांचा व्यवसाय आणि जात-जमात, आणि ती पात्रं गावाबाहेर कुठवर जातात. या चौकटीबाहेरचं वाचन पहिल्या फेरीत करायचं नाही.

खानदेश एकच एक मुलूख समजलात तर पुढचं सगळं बिघडतं. रावेर-यावलचा केळीचा पट्टा, चोपड्यापासून धडगावपर्यंतचा सातपुडा, पांझरेकाठची फडाची (सामायिक बंधाऱ्याच्या पाण्यावरची) बागायत, शिंदखेड्याकडची कोरडवाहू जमीन, भुसावळची रेल्वेवस्ती यांत माणसांचं बोलणं, जेवण, घरं, देव आणि कर्ज काढायची पद्धतही बदलते. सातपुड्यातल्या पावरा घराचं वर्णन यावलच्या लेवा पाटलाच्या वाड्यात बसवलं तर तिथला वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो.

जागांची त्या काळची नावं याच कागदावर घ्या. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव पूर्व खानदेशचं ठाणं, धुळे पश्चिम खानदेशचं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. म्हणजे १९४२ मध्ये आपलं गाव पश्चिम खानदेशात आहे आणि जिल्ह्याच्या कामासाठी माणसं धुळ्यालाच जातात. मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद होतं. कादंबरीतल्या पत्रावर "जिल्हा नंदुरबार" असं आलं तर पुढच्या सगळ्या तपशिलांवर वाचक शंका घेतो.

पायरी २: वर्षाचा तक्ता करा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि सर्वांत जास्त फळ हीच देते. मोठ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये आठ रकाने आखा: इंग्रजी तारीख, वार, तिथी, सण, शेतातलं काम, हवामान, बाहेरची घटना, आणि आपल्या गोष्टीतला प्रसंग. आठवड्याला एक ओळ पुरते. महत्त्वाच्या दिवसांना स्वतंत्र ओळ द्या.

१९४२ चं पंचांग उघडलं की काय दिसतं ते पाहा. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे आखाजी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पोळा थेट सप्टेंबरात गेला. एरवीपेक्षा एक महिना जास्त. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, जावयाला वाण देतात. म्हणजे मे-जूनमध्ये धूमधडाक्याचं लग्न घालायचा बेत असेल तर तो इथेच कोसळतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई (खानदेशातली घरोघरची देवी) ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात आली. तेव्हा ९ ऑगस्टपासूनची धरपकड चालूच होती. एका घरात कानबाईचे रोट भाजले जात आहेत आणि त्याच घरातला मुलगा भूमिगत आहे, हा प्रसंग पंचांगाने आयता दिला.

याहून मोठी गोष्ट मोर्चाच्या तारखेत आहे. ९ सप्टेंबर १९४२ हा बुधवार होता आणि दुसऱ्या दिवशी श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा. गोळीबार झाला त्या संध्याकाळी आजूबाजूच्या गावांत बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावायची वेळ होती. शिवाय अमावास्येच्या तोंडावरची रात्र. त्या रात्री नंदुरबारहून गावाकडे पळणाऱ्या पात्राला चांदणं दाखवलंत तर चुकलात. काळोखात तो रस्ता कसा शोधतो, हे लिहावं लागेल.

उलट उदाहरण फैजपूरचं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला झालं. २८ ला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. तंबूंच्या नगरावर भरपूर चांदणं, अंगात डिसेंबरची थंडी. आणि मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंतीचे दिवस, सारंगखेड्याच्या यात्रेचे. घोड्याचा व्यापारी पात्र असेल तर तो त्या दिवशी फैजपूरला असणं कठीण.

जुनी पंचांगं मोठ्या वाचनालयांत आणि पुरोहितांच्या घरी मिळतात. तिथी आणि चंद्र संगणकावरच्या पंचांग-प्रणालीतूनही काढता येतात. जुन्या कागदावरचं साल इसवी सनात आणताना शालिवाहन शकात ७८ मिळवा. व्यापाऱ्याच्या वहीत विक्रम संवत असेल तर त्यातून ५६ वजा करा. तो संवत कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीनंतरच्या आणि डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदींना ५७ लागतात. मराठी दप्तरातला सुहूर सन दिसला तर ५९९ किंवा ६०० मिळवतात. वर्ष-सहा महिन्यांची बहुतेक गफलत या बेरजेतच होते.

पायरी ३: छापील साधनं

क्रम असा ठेवा. आधी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, खानदेश, १८८०. त्यात पिकं, मजुरी, वजन-मापं, रस्ते, जाती-जमाती, बाजाराचे दिवस, नद्यांचे उतार सगळं सापडतं. नंतर राज्य शासनाने काढलेली जळगाव (१९६२) आणि धुळे (१९७४) जिल्ह्यांची गॅझेटिअरं. आपलं १९४२ साल या दोन टोकांच्या मधे पडतं. त्यामुळे १८८० चं वर्णन जसंच्या तसं उचलू नका. जे १८८० लाही होतं आणि नव्या गॅझेटिअरमध्येही आहे ते १९४२ ला बहुधा होतंच. जे एकातच आहे त्यावर प्रश्नचिन्ह टाका. ही गॅझेटिअरं शासनाने संगणकावर मोफत ठेवली आहेत.

जुनं गॅझेटिअर वाचताना ते कोणी आणि कशासाठी लिहिलं हे विसरू नका. महसूल आणि बंदोबस्त या नजरेने ते भिल्लांकडे पाहतं. १८५७ च्या उठावातला भिल्ल नेता खाज्या नाईक तिथे बंडखोर आणि लुटारू असतो, तर सातपुड्यातल्या गाण्यांत तो नायक असतो. कादंबरीकाराला दोन्ही हवेत: इंग्रज अधिकाऱ्याचं पात्र पहिल्या भाषेत बोलेल, पाड्यावरची म्हातारी दुसऱ्या.

मग १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. गावात घरं किती, लोकसंख्या किती हे त्यांतून कळतं. गावात ९० घरं असतील तर पोळ्याला वेशीत तीनशे जोड्या उभ्या करता येत नाहीत.

वर्तमानपत्रं शेवटी. १९४२ ते ४५ मधल्या बातम्यांवर युद्धकाळातली सेन्सॉरशिप होती. चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला तो दिवस १४ एप्रिल १९४४. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. अशा दिवसांच्या अंकात काय छापलं आहे याइतकंच काय छापलेलं नाही हे पाहण्यासारखं असतं. पात्रांना बातमी पेपरातून कळली की बाजारात कानोकानी, हे यावरून ठरवा. जाहिराती आणि बाजारभावाचा रकाना मात्र शब्द न् शब्द उतरवून घ्या.

कुठे बसायचं? धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ, समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी तिथलंच समर्थ वाग्देवता मंदिर, आणि गरुड वाचनालय. जळगावात व. वा. वाचनालय. अहिराणी, लेवा बोली, कानबाईची गाणी, आदिवासी विवाहविधी अशा विषयांवरच्या प्रबंधांसाठी जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. प्रबंधाचं शेवटचं परिशिष्ट आधी उघडा. मुलाखती आणि गाणी तिथे मूळ रूपात असतात. जाण्याआधी फोन करून वेळ, ओळखपत्र आणि फोटो काढायची परवानगी विचारा. "जुनं काही आहे का" असं न विचारता "१९४० ते ४५ मधली नंदुरबार तालुक्याची साधनं" असं विचारलं की ग्रंथपालाला मदत करता येते.

पायरी ४: सरकारी दप्तर

कथानकासाठी फेरफार नोंदीसारखा कागद नाही. बाप मेला, वारस लागले, जमीन गहाण पडली, भावांत वाटणी झाली, सावकाराचं नाव चढलं, हे सगळं दोन-चार ओळींत असतं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि वर्षं लिहून नकलेसाठी अर्ज करावा. धुळ्यासह काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. आधी तिथे शोधा, हेलपाटा वाचेल.

इथे ठरलेल्या दोन अडचणी येतात. पहिली नंबरांची. आजचा गट नंबर घेऊन १९४२ ची नोंद मागितली तर ती सापडत नाही, कारण गट नंबर एकत्रीकरण योजनेत नंतर पडले. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा आधी मिळवा. दुसरी अडचण मोडीची. जुनी दप्तरं मोडीत असतात. चार-पाच पानांसाठी मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घेणं सोयीचं. शंभर पानं असतील तर पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो, तिथे शिकून घ्या. लिप्यंतर करून घेताना "अर्थ सांगू नका, अक्षर न् अक्षर लिहून द्या" असं आधीच ठरवा. अर्थ सांगताना नेमके जुने शब्द गळतात आणि आपल्याला तेच हवे असतात.

कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींतून त्या काळची नावं मिळतात आणि माणसं कशाने मरत होती तेही कळतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलगा कोणत्या महिन्यात शाळा सोडून गेला हे दिसतं. या नोंदींतलं पूर्ण नाव जसंच्या तसं पात्राला देऊ नका. गावात त्या घरची माणसं आहेत. एका नोंदीतलं नाव, दुसरीतलं आडनाव, तिसरीतला प्रसंग असं मिसळा.

कायदाही तारीख पाहून वापरा. १९४२ च्या गोष्टीत कोणी "कूळ कायद्याने जमीन आमची" असं म्हणू शकत नाही. कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा तो कायदा १९४८ चा.

पायरी ५: अंतरं

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत खानदेशाचा बहुतेक भाग ४६ क्रमांकाच्या मालिकेत येतो, रावेरच्या पूर्वेचा ५५ मध्ये. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले अडीच लाखाला एक प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. उकाई आणि हतनूरच्या जलाशयांआधीची तापी त्यांत दिसते. आजचा गूगल नकाशा १९४२ साठी वापरू नका, पूल आणि बायपास फसवतात. भरलेली बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते. अमळनेर ते धुळे हा टप्पा म्हणजे तिला अख्खा दिवस. पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत काठावर थांबणं त्यात धरा. लाल एसटी १ जून १९४८ च्या आधी कुठेच नाही. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून खाजगी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या.

पायरी ६: त्या वेळी काय नव्हतं?

काय होतं याची यादी सगळे करतात. काय नव्हतं याची यादी जास्त उपयोगाची. आपल्या १९४२ च्या शिवारात गाजरगवत नाही, ते १९५० च्या दशकात पसरायला लागलं. संकरित ज्वारी नाही (पहिलं वाण १९६४), संकरित कापूस नाही (एच-४, १९७०), ठिबक नाही, सोयाबीन नाही. विहिरीवर मोट आहे. मोट लिहायची तर नाडा, सोंदूर, धाव, थारोळं यांतलं काय कुठे असतं हे चित्र काढून समजून घ्या. बैल धावेवरून खाली जाताना मोट वर येते आणि मागे सरकताना ती विहिरीत उतरते. हे उलटं लिहिलेलं अनेकदा वाचायला मिळतं. पांझरेकाठी फड असेल तर एका फडात सगळ्यांचं एकच पीक असतं आणि पाणी पाटकऱ्याच्या (पाटाचं पाणी वाटणाऱ्याच्या) पाळीने मिळतं. तिथे "मी यंदा माझ्या तुकड्यात ऊस लावतो" असं कुणी एकटा ठरवू शकत नाही. भांडणाचा प्रसंग हवा असेल तर तो या पाळीतच शोधा.

पैसा मोजताना रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. नवा पैसा १ एप्रिल १९५७ चा. भोकाचा पैसा १९४३ पासून निघाला, म्हणून आपल्या सालदाराच्या पोराच्या मुठीत तो येऊ शकत नाही, पुढच्या वर्षीच्या पोराच्या येईल. सरकारी शेर ८० तोळ्यांचा आणि ४० शेरांचा मण, म्हणजे ३७ किलोंच्या थोडा वर. पण गावोगावचा शेर आणि पायली वेगळी असायची. बाजाराचा प्रसंग असेल तर त्या पेठेचं माप गॅझेटिअरमध्ये पाहा.

जेवणही हंगाम पाहून वाढा. भरताची वांगी हिवाळ्याची, म्हणून श्रावणात भरीत-भाकरीची पंगत नको. पुरणाचे मांडे रोजचे नाहीत, त्यांना खापर, सपीठ आणि हाताची सवय लागते. सालदाराच्या घरी कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी डुबुकवड्या. धाब्याच्या घराला पावसाआधी माती टाकावी लागते. ती टाकायची राहिली, तर ऑगस्टात घर गळणारच, आणि ती गळती तुम्हाला प्रसंग म्हणून वापरता येते.

पायरी ७: माणसं

१९४२ मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. असं कुणी गावात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जा. नसेल तर त्यांच्या मुलांकडे जा, पण नोंद करताना "पाहिलेलं" आणि "ऐकलेलं" असं वेगळं लिहा.

पेरणी, कापूस वेचणी आणि लग्नसराई सोडून जा. ओळखीच्या माणसाबरोबर जा, मोठ्यांना बाबा, आप्पा, माय, आजी म्हणून हाक मारा, पहिल्या भेटीत वही काढू नका. दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंगची परवानगी मागा. फोन पंख्यापासून लांब आणि बोलणाऱ्याच्या हाताजवळ ठेवा. पाऊण तासाच्या पुढे बसवू नका, वय झालेलं माणूस दमतं आणि मग तुम्हाला हवं तेच सांगायला लागतं.

साल विचारू नका. "बेचाळीसला काय झालं?" या प्रश्नाला शाळेत ऐकलेलं उत्तर मिळतं. कामाचा क्रम विचारा. आखाजीला साल कसं ठरायचं? कुठे बसून? रोख किती, धान्य किती, उचल आधी मिळायची का, जोडा आणि घोंगडी कोण द्यायचं? मधेच साल मोडलं तर काय व्हायचं? मालकाच्या घरात पाणी कुठल्या भांड्यातून मिळायचं? असं विचारलं की हात हलायला लागतात आणि तपशील आपोआप येतो. काळ ठरवायचा असेल तर खुणेची घटना धरा: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, गावात वीज यायच्या आधी की नंतर, तुमच्या लग्नाआधी की नंतर.

बायकांशी बायकांनीच बोललेलं बरं, आणि तेही पुरुष घरात नसताना. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या मागा. सासर, कर्ज, मार, बाळंतपण हे विषय सरळ प्रश्नाला येत नाहीत, गाण्यानंतर येतात.

त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकून उतरवा. एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास लागतात. आठवडा गेला की कोण कुणाबद्दल बोललं हेच कळेनासं होतं. भांडण, जमीन किंवा जात यांबद्दलची गोष्ट दुसऱ्या घरातून, शक्यतो दुसऱ्या वस्तीतून ताडून पाहा. भिल्ल वस्तीत सांगितलेला आणि पाटलाच्या ओट्यावर सांगितलेला एकच प्रसंग दोन वेगळ्या गोष्टी असतात. दोन्ही जपून ठेवा.

पायरी ८: बोली

नंदुरबारच्या आसपास अहिराणी, भिली आणि गुजरी शेजारी नांदतात. नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, रावेर-यावलला लेवा, जामनेरकडे तावडी. कोणतं पात्र कोणती बोली घरात आणि कोणती बाजारात बोलतं, याचा छोटा तक्ता करा. नुसतं "आहे"च्या जागी "शे" आणि "मला"च्या जागी "माले" घातलं की अहिराणी होत नाही, क्रियापदाची सगळी घडण बदलते. बहिणाबाईंच्या कवितेतली लेवा गणबोली धुळ्याच्या पात्राच्या तोंडी घालणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. स्वतःची बोली नसेल तर संवाद आधी प्रमाण मराठीत लिहा, मग त्याच तालुक्यातल्या माणसाला प्रसंग समजावून त्याच्या तोंडून ते वाक्य काढून घ्या आणि रेकॉर्ड करा. शब्दाला शब्द विचारलात तर तो पुस्तकी देतो. सबंध कादंबरी बोलीत असावी की फक्त संवाद, हा तुमचा निर्णय. पण जे ठरवाल ते पहिल्या प्रकरणापासून पाळा.

पायरी ९: नोंदी, आणि कुठे थांबायचं

प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी जोडा: प्रश्न, उत्तर, कुठून मिळालं (पान किंवा रेकॉर्डिंगचं मिनिट), पक्कं-ऐकीव-अंदाज यांपैकी काय, आणि कोणत्या प्रकरणासाठी. पान क्रमांक नसलेली नोंद सहा महिन्यांनी निरुपयोगी होते. फोनमधल्या फोटोंना त्याच दिवशी नावं द्या: ठिकाण, दप्तर, साल, पान.

पहिली फेरी दोन-अडीच महिन्यांत आवरा आणि लिहायला बसा. लिहिताना अडलं तर उठू नका. तिथे चौकटी कंसात प्रश्न टाका, [घासलेट मिळत होतं का?], आणि पुढे जा. पहिला खर्डा झाल्यावर हे सगळे कंस गोळा करून दुसरी फेरी करा. ती पहिलीपेक्षा छोटी आणि नेमकी असते, कारण आता काय हवं ते कळलेलं असतं.

मग खर्डा तिघांना द्या: त्या टापूत शेती केलेल्या माणसाला, त्या बोलीत वाढलेल्या बाईला, आणि ज्या समाजाचं चित्रण आहे त्यातल्या वाचत्या माणसाला. "कसं वाटलं" विचारू नका. "जिथे हे असं नसतं वाटेल तिथे पेन्सिलने रेघ मारा" एवढंच सांगा आणि परत घेताना प्रत्येक रेघेवर शेजारी बसून बोला.